बेळगावातून दिसणारं आखात

१९१६ च्या एप्रिलअखेरीस बेळगावात मुंबई प्रांतिक परिषद भरली होती. लोकमान्य मंडालेहून सुटून आले त्याला दोन वर्षं होत आली होती, आणि या परिषदेच्या वेळीच त्यांनी इथं होमरूल लीग स्थापन केली. आमच्या गावाला याचा मोठा अभिमान आहे, शाळेपासून आम्ही ते ऐकत आलोय. पण त्याच आठवड्यात, २९ एप्रिलला, पहिल्या महायुद्धात, आजच्या इराकमधल्या टायग्रिस नदीच्या काठावरच्या कुत-अल-अमारा या गावात इंग्रजांच्या जनरल टाउनशेंडनं तुर्कांपुढं शस्त्रं ठेवली. शरण गेलेल्या त्या फौजेत १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या, हे मात्र इथं कुणी फारसं सांगत नाही. इकडं बेळगावात आपल्या माणसांचं काय करायचं ते आपण ठरवू, अशी मागणी होत होती. तिकडं ज्यांचं सगळं दुसऱ्यानंच ठरवलं होतं अशी आपलीच माणसं उपाशीपोटी कैदेत चालली होती.

भारत आणि आखाती देश यांच्या संबंधांबद्दल हल्ली खूप छापून येतं. मोठा होत चाललेला देश, तेल, गुंतवणूक, करार, गळाभेटी. मी ते आवडीनं वाचतो. पण ते वाचताना माझ्या मनात दरवेळी हे कुत येतं. आपले आणि आखाताचे संबंध पाहुण्यांच्या दिवाणखान्यात जुळलेले नाहीत. ते खेड्यापाड्यांतून पाठवलेल्या माणसांच्या पाठीवरून गेलेत, आणि या संबंधांत देश किती मोठा झाला हे त्या माणसांकडं बघूनच ठरवावं, असं मला वाटतं.

कुतचा वेढा १४७ दिवस चालला. ७ डिसेंबर १९१५ पासून. धान्य होतं पण दळायला काही नव्हतं, म्हणून विमानातून जात्याचे दगड टाकले गेले. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसून होतो. जातं म्हटल्यावर ओवी, पहाट, आजीचा हात हेच डोळ्यांपुढं येणाऱ्या आपल्यासारख्यांना आकाशातून जात्याची पाळी पडते आहे हे चित्र झेपत नाही. पुढं धान्यही संपत आलं. घोडी आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. हिंदी शिपायांतल्या बहुतेकांनी ते मांस कितीतरी दिवस तोंडाला लावलं नाही. हिंदुस्थानातल्या धर्मपुढाऱ्यांकडून परवानगीच्या तारा मागवाव्या लागल्या. तोवर अंगावर स्कर्व्ही चढली होती. सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली आणि वाळवंटातून पायी हाकलली गेली. हिंदी कैद्यांपैकी पुष्कळांना रास-अल-ऐनला बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं.

मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. आज कॅम्पातनं पहाटे गेलं तर बनियन आणि हाफपँटमधली पोरं पळताना दिसतात, आणि परेडच्या दिवशी आईबाप गावाकडनं गाड्या करून येतात. चंदगड, गडहिंग्लज, खानापूर, सातारा, रत्नागिरी. पोराची टोपी सारखी करणाऱ्या आईच्या चेहऱ्यावर जे असतं ते बघायला मी खास जाऊन उभा राहिलोय. पण या पलटणींच्या जुन्या सन्मानचिन्हांत मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक, किती ठळक आहे, याची गावातल्या लोकांना कल्पना नसते. १९१८ च्या ऑक्टोबरात मोसुलच्या वाटेवर शर्कातला शेवटची मोठी लढाई झाली, तीतही ११४ वी मराठा पलटण होती.

आता कुणी म्हणेल, ते इंग्रजांचं राज्य, त्याचा आजच्या भारताशी काय संबंध? मला उलट वाटतं. आखात हा परदेश आहे ही गोष्टच तेव्हा फारशी खरी नव्हती. बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात, आज येमेनमध्ये असलेलं एडनही मुंबई इलाख्यात. १८३९ मध्ये घेतल्यापासून १९३२ पर्यंत एडनचा कारभार मुंबईतून चालला. इराणी किनाऱ्यावरच्या बुशहरला बसणारा इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे राजकीय प्रतिनिधी, १८७३ पर्यंत मुंबई सरकारला जबाबदार होता, नंतर हिंदुस्थान सरकारला. कुवेत आणि बहारीनची टपाल कचेरी हिंदी टपाल खात्याची. आपलीच तिकिटं, वर फक्त त्या गावाचं नाव छापलेलं. आखाताची सूत्रं दिल्लीहून लंडनकडं गेली ती १ एप्रिल १९४७ ला, स्वातंत्र्याला साडेचार महिने उरले असताना.

आणि पैसा तर त्यानंतरही रुपयाच होता. कुवेत, बहारीन, कतार, दुबई, ओमान, सगळीकडं आपला रुपया चालायचा. त्या रुपयांनी तिथं सोनं घेऊन ते चोरून इकडं आणायचं, आणि ते रुपये परत रिझर्व्ह बँकेकडं परकीय चलनासाठी यायचे, म्हणून १९५९ मध्ये आखातापुरत्या वेगळ्या नोटा काढाव्या लागल्या. त्यांच्या क्रमांकाआधी झेड अक्षर असे. १९६१ मध्ये कुवेतनं स्वतःचा दिनार आणला, १९६५ मध्ये बहारीननं. ६ जून १९६६ ला आपण रुपयाचं अवमूल्यन केलं तेव्हा कतार आणि दुबईनंही रुपया सोडला. ओमाननं १९७० पर्यंत धरून ठेवला होता. पुढं १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि उलटं सुरू झालं. ज्या किनाऱ्यावर आपला रुपया चालत होता तिथले दिनार आणि दिरहॅम मिळवायला आपली माणसं निघाली.

त्याही आधीचा धागा आमच्या घरात आहे. आजीच्या नथीत बसऱ्याचे मोती होते, तिच्या आजेसासूपासून आलेले. मोती बसऱ्याचे म्हणायचे, पण ते निघायचे बहारीनच्या आसपासच्या समुद्रातून. नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून माणसं तळाशी जायची. माल मुंबईला यायचा, अरब मोतीवाले मुंबईत घरं करून राहायचे. १९३० च्या दशकात जपानी कल्चर मोत्यानं तो धंदा बसवला. आमच्या घरात लग्नाला नथ काढली की बायका त्या मोत्यांचं पाणी बघतात.

खानापूर तालुक्यातल्या एका गावात मित्राच्या घरी मी एक पदक पाहिलं. देव्हाऱ्यात, टाकांच्या शेजारी. कथ्थई पडलेलं, हळदीनं बुजलेलं. एका बाजूला पाचव्या जॉर्जचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा माणूस आणि १९१४ व १९१८ ही सालं. घोडेस्वार बघून घरातल्या म्हातारीनं त्याला खंडोबा ठरवलं होतं आणि जन्मभर भंडारा वाहिला होता. मित्राच्या परवानगीनं मी ओल्या फडक्यानं कड पुसली. या पदकांच्या कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं असतं. अक्षरं वर आली: नंबर, नाव, आणि लेबर कोअर. मित्राच्या पणजोबांचं नाव इंग्रजीत वेडंवाकडं कोरलेलं होतं, पण होतं. शिपाई म्हणून गेले असं घरात सगळे समजत होते. ते हमालीला गेले होते, बसऱ्याच्या धक्क्यावर की रेल्वेच्या भरावावर ते आता कळणार नाही.

हे पदक शिपायाला चांदीचं मिळे. मजुराला कांशाचं. लढाई एकच, नदी एकच, तापही एकच. ज्यानं बंदूक उचलली त्याला चांदी, ज्यानं पोतं उचललं त्याला कांसं. मित्राच्या हातातलं कांशाचं होतं. मी काही बोललो नाही, पण तो म्हणाला, "हे पितळेचं हाय काय?" मग सांगावं लागलं. त्यानं ते पुन्हा जागेवर ठेवलं आणि वरनं हळद लावली.

यानंतर बसऱ्याच्या स्मारकाबद्दल वाचलं ते विसरता आलं नाही. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि थडगं ठाऊक नसलेल्या चाळीस हजारांवर माणसांचं हे स्मारक १९२९ मध्ये उभं राहिलं. गोऱ्या शिपायाचं नाव तिथं दगडावर आहे. हिंदी अधिकाऱ्यांची नावं आहेत. पण साध्या हिंदी शिपायाच्या पलटणीचं नाव आणि पुढं आकडा, एवढंच. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमानं ते स्मारक सगळंच उचलून बसऱ्याबाहेर, नासिरियाच्या रस्त्यावर बत्तीस किलोमीटरवर नेलं. दगड हलवले तेव्हाही नावं नव्हतीच. आपल्याकडं दक्षिण महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत चावडीजवळ संगमरवरी पाटी असते, या गावातून इतके गेले, त्यातले इतके मेले. तिथंही आकडाच.

शहापुरात आमच्या शेजारी एक काका राहायचे. उद्यमबागेत फाउंड्रीत काम शिकले आणि कुवेतला क्रेनचे मेकॅनिक म्हणून गेले. २ ऑगस्ट १९९० ला इराकी रणगाडे कुवेतमध्ये शिरले तेव्हा ते तिथंच होते. काकू रोज एसटीडी बूथवर जाऊन बसायच्या, नंबर लागायचा नाही. बूथवाल्यानं त्यांच्यासाठी एक खुर्ची बाजूला ठेवली होती, ती दुसऱ्या कुणाला देत नसे. काका बसनं बगदाद, तिथनं जॉर्डनची सरहद्द, मग अम्मान आणि तिथनं एअर इंडियाच्या विमानानं मुंबई असे आले. दाढी वाढलेली, हातात एक पिशवी. गल्लीतली सगळी माणसं दारात.

त्या वेळी सुमारे एक लाख सत्तर हजार भारतीय बाहेर काढले गेले. एअर इंडियाची पावणेपाचशेच्या वर उड्डाणं, जवळजवळ दोन महिने. दिल्लीत तेव्हा विश्वनाथ प्रताप सिंगांचं डळमळतं सरकार होतं, तिजोरीत परकीय चलन आटत चाललेलं, देश कुठल्याही अर्थानं महासत्ता वगैरे नव्हता. परराष्ट्रमंत्री इंदरकुमार गुजराल बगदादला गेले, सद्दामला भेटले, त्या भेटीतल्या गळाभेटीच्या फोटोवरून त्यांच्यावर जगभर टीका झाली. मला विचाराल तर ती टीका त्यांनी अंगावर घेतली हे बरं केलं. हल्लेखोराशी बोलल्याशिवाय त्याच्या ताब्यातली माणसं बाहेर येत नव्हती.

आणखी एक गोष्ट काकांनीच सांगितली, कारण वर्तमानपत्रांत तिच्याबद्दल फार आलं नाही. युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांनी भरपाई आयोग नेमला. इराकच्या तेलाच्या पैशातून नुकसान भरून द्यायचं. आणि या आयोगानं देशांच्या, कंपन्यांच्या मोठ्या दाव्यांआधी साध्या माणसांचे दावे घेतले. कुवेत सोडून पळावं लागलं एवढ्यासाठी एका माणसाला ठरावीक रक्कम, अडीच हजार डॉलर, दुसरा कुठला दावा करणार नसेल तर चार हजार. फॉर्म आपल्या सरकारमार्फत गेले. काकांना पैसे यायला बरीच वर्षं लागली. "यील की, सरकारी काम हाय," असं ते म्हणत राहिले आणि ते आलेही. त्यांनी त्यात घराचा मागचा भाग बांधला. त्या आयोगाचा शेवटचा हप्ता २०२२ मध्ये चुकता झाला. सगळी मिळून रक्कम बावन्न अब्ज डॉलरच्या वर.

पण माझ्या लेखी या सगळ्या इतिहासातला सगळ्यात मोठा दिवस १४ जुलै २००३ आहे. अमेरिकेनं इराक घेतलं होतं आणि भारताकडं एक डिव्हिजन मागितली होती, सतरा हजारांच्या आसपास सैनिक. कामगिरी उत्तर इराकची, म्हणजे मोसुलकडची. त्या उन्हाळ्यात बेळगावात हॉटेलात, नाक्यावर हाच विषय होता. ज्यांची पोरं पलटणीत त्यांना तर दुसरं काही सुचत नव्हतं. दिल्लीत मोठमोठे जाणते लोक सांगत होते की संधी आहे, अमेरिकेशी नातं पक्कं होईल, कंत्राटं मिळतील. अटलबिहारी वाजपेयींच्या सरकारनं त्या दिवशी नाही म्हटलं. संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असेल तर विचार करू, नसेल तर नाही. अमेरिकेशी भांडण न करता नाही.

शर्कात त्याच मुलखात येतं. पंच्याऐंशी वर्षांपूर्वी जिथं मराठा पलटणीला कुणी विचारलं नव्हतं, तिथंच पुन्हा पाठवायचं होतं, आणि या वेळी ठरवणारे आपण होतो. एखादा देश मोठा झाला म्हणतात तेव्हा तो कुठं कुठं गेला हे मोजतात. मला त्यानं कुठं जायचं नाकारलं हेही मोजावंसं वाटतं. निर्णय कुठंतरी होतो आणि माणसं इथली असतात, हे सीमाभागाला वेगळं सांगावं लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला आमचा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्याच आठवड्यात सुएझवर बॉम्ब पडत होते, आणि त्याच महिन्यात भारतीय सैनिक संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या झेंड्याखाली इजिप्तकडं निघाले होते. बेळगावात तेव्हा त्याकडं कुणाचं लक्ष असणार? लोक आपल्याच अंगणात कुणाची हद्द आली ते बघत होते.

हल्लीचं चित्र मोठं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये पंतप्रधान मोदी संयुक्त अरब अमिरातीला गेले, चौतीस वर्षांत गेलेले पहिले भारतीय पंतप्रधान. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमिरातीशी व्यापक आर्थिक भागीदारीचा करार झाला. २०२३ च्या सप्टेंबरात दिल्लीच्या जी-२० मध्ये भारत, मध्यपूर्व आणि युरोप जोडणाऱ्या मार्गाची घोषणा झाली. कतारमध्ये फाशीची शिक्षा झालेले आठ माजी नौसैनिक फेब्रुवारी २०२४ मध्ये सुटले. ही सुटका मुत्सद्देगिरीशिवाय होत नाही. सहा आखाती देशांत मिळून नव्वद लाखांच्या आसपास भारतीय आहेत. आपलं तिथं वजन आहे ते आधी या नव्वद लाखांमुळं आहे.

आणि इथंच ते कांशाचं पदक मला परत दिसतं. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे ‘परदेशी जाण्याआधी तपासणी आवश्यक’ असा शिक्का असतो. १९८३ च्या कायद्यानं अशा माणसाला अठरा देशांत कामाला जाताना सरकारची मंजुरी लागते, त्यात हे सहाही आखाती देश आहेत. नियम त्याच्या रक्षणासाठी आहे. नोकरीचा करार तपासला जातो, दहा लाखांचा विमा असतो. पण मंजुरीला वेळ लागतो, आणि त्या वेळेत एजंट भेटतो. माझ्या मावसभावाला असाच एक भेटला. पर्यटक व्हिसावर पाठवला, उतरल्यावर कामाचा व्हिसा होईल म्हणून. फिटरचं काम सांगितलं आणि सिमेंटची पोती उचलायला लावली. पासपोर्ट कंपनीनं काढून घेतला. मंजुरी घेतलेली नाही, म्हणजे सरकारी कागदावर तो कामगार म्हणून गेलेलाच नव्हता. शेवटी दूतावासानं कल्याण निधीतून तिकीट काढून दिलं, तेव्हा तो गोव्यात मोप्याच्या विमानतळावर उतरला. मी आणायला गेलो होतो. गाडीत बसल्यावर त्यानं पहिल्यांदा हात दाखवले. सिमेंटनं बोटांच्या पेरांत भेगा पडल्या होत्या, त्यांत पांढरं अजून होतं. चोर्ला घाटात गाडी थांबवून चहा घेतला तेव्हा कप त्यानं दोन्ही तळव्यांत धरला, बोटं मिटत नव्हती.

१२ जून २०२४ ला कुवेतमध्ये मंगाफला कामगारांच्या इमारतीला आग लागली. निदान पंचेचाळीस भारतीय गेले. हवाई दलाच्या विमानानं त्यांना कोचीला आणलं. त्याच वर्षी डिसेंबरात पंतप्रधान कुवेतला गेले, त्रेचाळीस वर्षांनंतरची ती भेट, आणि ते कामगारांच्या छावणीतही गेले. मला त्या दौऱ्यातला हाच भाग महत्त्वाचा वाटला. छावणीतल्या माणसाशी देशाचा पंतप्रधान बोलतो, तेव्हा तिथल्या मुकादमालाही काही कळतं. पण हे दौऱ्यापुरतं राहू नये. बेळगाव, खानापूर, चंदगड, निपाणी या पट्ट्यातून जाणाऱ्या पोरांना जाण्याआधी करार कसा वाचायचा, एजंट नोंदणीकृत आहे की नाही ते कुठं बघायचं, पासपोर्ट घेतला तर कुणाला फोन करायचा, हे त्यांच्या भाषेत समजावणारं कुणी तालुक्याच्या गावात बसायला हवं. मराठी आणि कन्नड, दोन्ही. बाहेरून पाठवलेल्या पैशात महाराष्ट्राचा वाटा देशात सगळ्यात मोठा आहे, असं रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत आलंय. सीमेच्या अलीकडची आमची पोरं कुणाच्या हिशोबात धरतात ते धरू दे, पण फोन उचलणारं कुणीतरी असावं.

बसऱ्याच्या स्मारकाची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगानं २०२१ मध्ये कबूल केलं की लाखावर आफ्रिकी आणि आशियाई मृतांची नावं कुठल्या स्मारकावर लागली नाहीत, किंवा त्यांचं कसलंच स्मारक झालं नाही, आणि ती नावं शोधून लावायचं कामही हातात घेतलं. हे काम इंग्लंडवर सोडून चालणार नाही. नावांचे कागद आपल्याकडं आहेत. गावच्या पाट्या आहेत, पेन्शनची जुनी पुस्तकं आहेत, देव्हाऱ्यातली पदकं आहेत. मित्राच्या पणजोबांचा नंबर मी वहीत उतरवून घेतलाय. ते परत आले होते, त्यामुळं त्यांचं नाव बसऱ्याच्या भिंतीवर जाणार नाही. पण त्यांच्याबरोबर गावातून गेलेल्या दुसऱ्या दोघांची नावं म्हातारीला पाठ होती, ते आले नाहीत. ती नावं आम्ही आयोगाला कळवली आहेत. त्यातल्या एकाचं घर आता पडलंय, दुसऱ्याचा पणतू यंदा भरतीला पळतोय.